तिसऱ्यांची परटीण

कॅम्पात, चर्चच्या भिंतीमागं, जिथं मैदान संपतं
तिथं आमचा दगड.
आज्ज्यानं सांगितलेलं एवढंच :
स्कॉटलंडचा एक सार्जंट होता, मॅक-कायतरी.
घागऱ्यासारखं नेसायचा. त्याच्या चुण्या मोजून घालाव्या लागत,
एक चुकली तर पैसे कापायचा.
बदली झाली, जाताना बिल बुडवलं
आणि बिलापोटी दिला
एक फुटबॉल, वादीनं आवळलेला, अर्धा हवेचा,
आणि एक नाव : थिसल.

थिसल म्हणजे काय, कुणाला ठावं?
इनास फुर्तादो म्हणाला, काटेरी फूल असतंय, जांभळं.
बसलिंगप्पा हुदली म्हणाला, मग उटकटारीच की ओ ही,
गोलपोस्टामागची,
म्हैससुद्धा तोंड लावत नाही ती!
ठरलं.
थोरल्या आत्तीनं निळ्या रेशमानं भरली
अकरा उटकटाऱ्या, अकरा छातींवर.

गाव काही थिसल म्हणालं नाही.
तिसल म्हणालं, मग तिसरं.
"आज तिसऱ्यांची मॅच हाय गे, येतीस?"
मराठ्यांची एक टीम होती, कानड्यांची एक.
ज्यांना दोन्हीकडं जागा नव्हती,
किंवा होती पण खेळायला मिळत नव्हतं,
ते आमचे.

नव्या पोरानं हंगामाच्या पहिल्या दिवशी
उघड्या हातानं एक उटकटारी उपटायची.
रक्त आलं तर घेतला.
नाही आलं तरी घेतला.
तोंड कसं वाकडं करतो तेवढं बघायचं असतंय.
फायनल हरली तर सगळ्यांना कुंदा.
जिंकली तर काही नाही, जिंकलेल्याला गोड कशाला?
मिनिटबुकात पिराजी मुचंडीकर
जीत मराठीत लिहायचा, हार कन्नडात.
पुढचा सेक्रेटरी हुदल्यांचा नातू, त्यानं उलटं केलं.
हिशेब मात्र दोघांचाही कधी जुळला नाही.

बापाला अक्षर येत नव्हतं. तो डाग वाचायचा.
ही लाल माती खानापूरची, सेमीफायनल, घसरून गोल.
हे हिरवं आपल्याच मैदानातलं, सरावाचं, आळशी पोराचं.
पाच नंबरच्या कॉलरवर दस्तगीरच्या भुवईचं रक्त,
रिठा, लिंबू, चुना, सगळं झालं.
"ऱ्हाऊ दे," बाप म्हणाला, "तेवढं क्लबाचं हाय."

ज्या साली बसच्या काचा
रस्त्यावर साखरेसारख्या सांडल्या,
क्लबाच्या फळीवर एका रात्री डांबर आलं,
दुसऱ्या रात्री डांबरावर दुसऱ्यांचं डांबर.
तिसऱ्या दिवशी पोरं आली, हातात काठ्या, ओळखीचीच,
दोरीवर अकरा जर्सी ओल्या.
"हे कुठल्या भाषेत हाय?"
बाप म्हणाला, बघा की.
पाठीवर नुसते आकडे होते. साहेबाचे. एक ते अकरा.
त्यांनी एक ते अकरा मोजले
आणि गेले.

यंदा तिरुपूरहून नव्या आल्यात.
चकचकीत, पिळायच्या आत वाळतात.
फूल छापलेलं. मोबाइलातून काढलं म्हणे, खरं स्कॉटलंडचं :
देठ जाड, पानं मोठी, डोक्यावर जांभळा झुपका.
दस्तगीर आता चष्म्याचा. त्यानं जर्सी डोळ्यांजवळ नेली,
लांब धरली, परत जवळ नेली.
"कुणाचं फूल गे हे?"
मी बोट फिरवलं. गुळगुळीत.
उलटी करून बघितली, मागं एक गाठ नाही.

कॅप्टन पोरगा लाजत म्हणाला,
मावशी, ह्या मशीनमध्ये टाकल्या तरी चालतात.
चालू दे.
गेल्या दोन महिन्यांचं बिल तेवढं दे म्हणाले.
तो खिसे चाचपडायला लागला
आणि मला हसूच आलं,
मॅक-कायतरीचं आठवून.

त्याच्या तळहातात अजून काटा होता,
पहिल्या दिवसाचा, काळा पडलेला.
बस म्हणाले. सुई आणते.